एका आराखड्यावर अनेक हात



कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर आला की तो पगारवाढ, बोनस आणि महागाई भत्ता यांवरच बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते आणि बहुधा ती खरीही ठरते. आज चालकांनी मला दिलेला विषय निराळा आहे. यंत्रांचे आराखडे हल्ली संगणकावर तयार होतात, आणि ते एकटा मनुष्य करीत नाही. अनेक माणसे मिळून, कधी कधी दोन-तीन देशांत बसून, एकच आराखडा करतात. या सामुदायिक कामाचा आणि उत्पादकतेचा मेळ कसा बसतो, हे मी सांगावे अशी अपेक्षा आहे. मी अभियंता नव्हे. माझे शाळेतले शिक्षण दहावीपाशी थांबले. पुढे जे काही शिकलो ते फौंड्रीच्या वाळूत आणि नगर वाचनालयाच्या बाकावर. तरीही मी हा विषय आनंदाने पत्करला, कारण आराखड्यात चूक झाली की तिचा पहिला फटका बसतो तो आराखडा ज्याच्या नजरेलाही पडलेला नसतो अशा माणसाला. अशी माणसे सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतील आमच्या संघटनांत पुष्कळ आहेत.

प्रथम आराखडा म्हणजे काय ते पाहू. आपल्या घरातल्या पाण्याच्या पंपाचे बाहेरचे कवच बिडाचे असते. ते ओतायचे तर आधी कोणीतरी त्याचे चित्र काढले पाहिजे: जाडी किती, भोके कोठे, वळण कसे. त्या चित्रावरून पॅटर्नमेकर, म्हणजे आपला मिस्त्री, लाकडाचा किंवा धातूचा नमुना करतो. पण चित्र जसेच्या तसे लाकडात उतरवले तर काम फसते. बीड थंड होताना शंभराला सुमारे एक या मानाने आकसते, म्हणून मिस्त्रीची मोजपट्टीच मुळी थोडी मोठ्या खुणांची असते. नमुना वाळूतून सरळ वर निघावा म्हणून त्याच्या बाजूंना किंचित उतार द्यावा लागतो. जेथे लेथवर कातकाम व्हायचे तेथे जास्तीचा माल ठेवावा लागतो. जाड भाग आणि पातळ भाग जेथे एकदम मिळतात तेथे पातळ भाग आधी गोठतो, जाड भाग मागून गोठताना आत पोकळी धरतो, आणि ती पोकळी कातताना उघडी पडते. यातले फार थोडे चित्रात लिहिलेले असते. उरलेले मिस्त्रीच्या आणि मोल्डरच्या हातात असते. तेव्हा यंत्राच्या आराखड्याचे काम पूर्वीपासूनच अनेकांचे आहे. कागदावर सही मात्र एकाची असे.

आपल्या भागात याचे उत्तम उदाहरण किर्लोस्करवाडीचे. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे कारखानदार होण्यापूर्वी चित्रकलेचे विद्यार्थी होते. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ते शिकत असता त्यांना रंगांतला भेद नीट ओळखता येत नाही असे आढळले, रंगचित्रे सुटली आणि ते यांत्रिक रेखांकनाकडे वळले. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक झाले. म्हणजे महाराष्ट्रातला हा पहिल्या फळीचा यंत्रकारखाना एका ड्रॉइंग मास्तराने उभा केला, असे म्हणावयास हरकत नाही. औंधच्या संस्थानिकांनी कुंडलरोड स्टेशनाजवळ माळरान दिले आणि १९१० साली तेथे वाडी वसली. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते अशी तेव्हा शेतकऱ्यांत समजूत होती. शिवाय विलायती नांगर आपल्या काळ्या मातीला जसाच्या तसा चालण्यासारखा नव्हता. नांगर करणारा, ओतणारा आणि तो शेतात चालवून पाहणारा ही सगळी माणसे एका हाकेच्या अंतरावर होती. फाळ मोडला तर त्याची बातमी चित्र काढणाऱ्याच्या कानी संध्याकाळपर्यंत पोहोचत असणार. साताऱ्याकडे धनजीशा कूपर यांनी १९२२ साली सातारारोडला असाच नांगरांचा कारखाना काढला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी तरुणपणी किर्लोस्करांचे नांगर खेडोपाडी विकले आणि पुढे कूपरांच्या कारखान्याच्या उभारणीतही हात लावला, हे सातारकरांना मी सांगायला नको. शेतकऱ्याची तक्रार कारखान्यात आणणारा असा दुवा असला म्हणजे आराखडा सुधारतो. हल्ली ज्याला मोठ्या दिमाखाने ‘ग्राहकाचा प्रतिसाद’ म्हणतात तो त्या काळी बैलगाडीतून येत असे.

मोठ्या कारखान्यांत मग ड्रॉइंग ऑफिस निराळे झाले. उतरते फळे, टी-स्क्वेअर, शाईच्या लेखण्या, आणि अमोनियाच्या वासाचे निळे छाप. मूळ चित्रावर पारदर्शक कागद ठेवून ते गिरवणारे ट्रेसर वेगळे. चित्रात बदल झाला की मूळ कागद खरवडायचा, कोपऱ्यातल्या चौकटीत बदलाचे अक्षर आणि तारीख घालायची, जुने छाप शॉपमधून गोळा करून फाडायचे. हे काम कंटाळवाणे होते, पण त्यात एक गुण होता: बदल झाला हे सांगायला एक हाडामांसाचा मनुष्य शॉपमध्ये चालत येत असे.

संगणक या कामात आला त्याला आता साठ वर्षे होऊन गेली. १९६३ साली अमेरिकेतल्या एम.आय.टी.मध्ये आयव्हन सदरलँड या तरुणाने प्रकाशाच्या लेखणीने पडद्यावर रेघ ओढून दाखविली. १९७७ साली फ्रान्सच्या दासो या विमान कंपनीने, पुढे कॅटिया या नावाने प्रसिद्ध झालेली प्रणाली बांधावयास घेतली. १९८२ साली साध्या टेबलावरच्या संगणकावर चालणारे ऑटोकॅड आले आणि हळूहळू फळे अडगळीत गेले. आरंभी संगणक ही केवळ महागडी लेखणी होती. खरा बदल पुढे झाला. पडद्यावर रेघांऐवजी घन आकार येऊ लागला, जणू मोदक साच्यातून काढून हातात घेतला. फिरवा, कापा, आतली पोकळी पाहा. १९८८ साली आलेल्या प्रो-इंजिनियर या प्रणालीने मापांमधली नातीही आकारात बांधली: दांडा जाड केला तर त्याचे भोक आपोआप मोठे होते. शेकडो सुटे भाग पडद्यावर जोडून एकावर दुसरा आदळतो की काय हेही तपासता येऊ लागले. जे पूर्वी जोडणी खात्यातल्या फिटरला कानस घासताना कळे ते आता धातू ओतण्यापूर्वी कळू शकते. ही सोय थोर आहे, आणि तिला नावे ठेवणारा मी नव्हे.

पण यंत्र आले की माणसांची घडी बदलते. एकाच आकारावर आता पन्नास माणसे काम करू लागली. याचा सर्वांत मोठा प्रयोग बोइंग कंपनीने ७७७ या विमानावर केला. संपूर्णपणे संगणकावर आराखडलेले ते पहिले प्रवासी विमान, आणि त्याचे पहिले उड्डाण झाले १९९४ च्या जूनमध्ये. मला त्यातली संगणकाची गोष्ट दुय्यम वाटते. कंपनीने आराखडा करणाऱ्यांच्या २३८ तुकड्या पाडल्या आणि त्यांत केवळ आराखडाकार बसविले नाहीत. विमान जोडणारे, हत्यारे बनविणारे, विकत घेणाऱ्या कंपन्यांची माणसे, विमानाची दुरुस्ती करणारे मेकॅनिक यांनाही आरंभापासून बसविले. आठ विमान कंपन्यांना चर्चेला बोलावले. थंडीत हातमोजे घालून जो मनुष्य विमानाचे झाकण उघडतो त्याच्या बोटांना तेथे जागा मिळते की नाही, हा प्रश्न आराखडा पक्का होण्यापूर्वी विचारता आला. पहिल्या विमानावर नाव रंगवले होते त्याचा अर्थ ‘मिळून काम’ असा. विमान वेळेवर झाले.

आता दुसरी बाजू ऐका. युरोपातल्या एअरबस कंपनीचे ए-३८० हे दुमजली विमान. त्याचे भाग फ्रान्स, जर्मनी, ब्रिटन आणि स्पेन या चार देशांत होत आणि जोडणी फ्रान्समधल्या तुलूझ गावी. एका विमानात विजेच्या तारांची लांबी पाचशे किलोमीटरांहून अधिक. जर्मनीतील हँबर्गहून आलेले तारांचे जुडगे तुलूझला विमानात बसवू लागले तेव्हा कित्येक ठिकाणी तारा आखूड पडल्या. शोध घेता आढळले की फ्रान्स आणि ब्रिटनमधली माणसे कॅटियाची नवी पाचवी आवृत्ती वापरीत होती, जर्मनी आणि स्पेनमधली जुनी चौथी. दोन्हींत वळणाचा हिशेब सारखा बसत नव्हता, आणि एका ठिकाणी झालेला बदल दुसरीकडे नीट पोहोचत नव्हता. हँबर्गहून शेकडो कामगार तुलूझला आणून हातांनी तारा बदलाव्या लागल्या. २००६ च्या जुलैमध्ये एअरबसच्या आणि तिच्या मातृसंस्थेच्या दोघा प्रमुखांनी राजीनामे दिले. पहिले विमान गिऱ्हाइकाच्या हाती पडायला २००७ चा ऑक्टोबर उजाडला. ठरल्यापेक्षा दीड-दोन वर्षे उशीर. आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत कंपनीने खर्च कमी करण्याची योजना जाहीर केली, तिच्यात दहा हजार जागा कमी करायच्या होत्या. जागा कमी करण्यास विमानाची इतर कारणेही होती, नाही असे नाही. तरीसुद्धा मी विचारतो: दोन ठिकाणी दोन आवृत्त्या वापरायच्या हा निर्णय तारा बांधणाऱ्या कोणत्या कामगाराने घेतला होता?

ही सातासमुद्रापलीकडची गोष्ट झाली, आपल्याला तिचे काय, असे कोणी म्हणेल. तर आपल्या दाराशी काय चालले आहे ते पाहू. पुण्याच्या टाटांनी १९९८ साली इंडिका गाडी बाजारात आणली. तिचे बाह्यरूप इटलीतल्या तुरिनच्या संस्थेच्या साह्याने ठरले, अभियांत्रिकी पुण्याच्या संशोधन केंद्राने केली, आणि गाडी बांधण्याचा कारखाना ऑस्ट्रेलियातल्या बंद पडलेल्या निस्सानच्या यंत्रसामग्रीतून उभा राहिला. गाडीला मागणी अफाट आली, तक्रारीही आल्या. त्या ऐकून सुधारलेली दुसरी आवृत्ती २००१ साली आली तेव्हा गाडीचा जम बसला. साताऱ्याच्या कूपर कारखान्याने आपली नवी डिझेल इंजिने ब्रिटनमधल्या रिकार्डो या इंजिनतज्ज्ञ संस्थेच्या सहकार्याने तयार केली. आणखी एक गंमत सांगतो. दासोने २००२ साली एका भारतीय कंपनीशी भागीदारी करून पुण्यात केंद्र उघडले, आणि कॅटियाच्या कामाचा काही भाग तेथे होऊ लागला. म्हणजे ज्या प्रणालीवर जगातले अभियंते आराखडे करतात तिच्या पोटातल्या ओळी आपल्याकडचीच मुले-मुली लिहितात. त्यांतली कित्येक वालचंद महाविद्यालयासारख्या ठिकाणी शिकून गेलेली असतात. आणि पडद्यावरचा आकार शेवटी ज्या वाळूत उतरतो ती वाळू कुपवाडला, पलूसला, सातारच्या औद्योगिक वसाहतीत चाळली जाते. साखळी आपल्याच मुलुखात सुरू होते आणि येथेच संपते, पण दोन टोकांची गाठ पडत नाही.

का पडत नाही, हे एका प्रसंगावरून सांगतो. कारखान्याचे नाव घेत नाही, त्याची गरजही नाही. बाहेरच्या गिऱ्हाइकासाठी पंपाची कवचे ओतून कातून देण्याचे काम होते. गिऱ्हाइकाच्या आराखडाकाराने कवचाच्या कडेची जाडी वाढवली आणि बोल्टची भोके सरकवली. बदललेला आराखडा ई-मेलने आला, खरेदी खात्याला मिळाला, तपासणी खात्याला मिळाला, मशीन शॉपलाही मिळाला. पॅटर्न शॉपच्या भिंतीवर जुनाच छाप चिकटवलेला राहिला. मिस्त्रीने त्याप्रमाणे नमुना केला, मोल्डरांनी पेट्या भरल्या, साठ कवचे ओतली गेली. मशीनवर नव्या मापाने भोके पाडू लागल्यावर ड्रिल कडेतून बाहेर पडू लागले. साठच्या साठ नग भंगारात. तिसऱ्या दिवशी मिस्त्रीच्या हाती आरोपपत्र: कामात गंभीर हलगर्जीपणा.

संघटनेतर्फे चौकशीला मी बसलो होतो. मी एवढेच मागितले की तो ई-मेल कोणाकोणाला गेला त्याची यादी समोर ठेवा. यादीत आठ पत्ते होते. पॅटर्न शॉपचा नव्हता, कारण पॅटर्न शॉपला संगणकच नव्हता. आरोपपत्र मागे घेतले गेले. येथपर्यंत ही गोष्ट संघटनेच्या विजयाची म्हणून अहवालात छापण्याजोगी आहे, आणि आम्ही ती छापलीही. पण खरी गोष्ट तिच्या पुढे आहे.

बाहेर पडताना मिस्त्री मला म्हणाला, “साहेब, नवा कागद मिळाला असता तरी हा माल पास झाला नसता. त्या गोळ्यापाशी जाडी एकदम वाढते. आत पोकळी धरणारच. पहिल्या लॉटपासून मी सांगतोय.” कोणाला सांगतोस, असे विचारले तर म्हणाला, हेल्परला. दुसऱ्या कोणाला सांगायची सोयच नव्हती. मी कारखान्याच्या व्यवस्थापकांना गळ घातली आणि त्यांच्या डिझाईन खात्यातली एक मिरजेची मुलगी, नुकतीच पदवी घेतलेली, आणि हा तीस वर्षे रंधा धरलेला मिस्त्री, या दोघांना एका पडद्यासमोर बसविले. पहिली पाच मिनिटे दोघेही गप्प. ती त्यांना ‘काका’ म्हणेना, ते तिला ‘मॅडम’ सोडून दुसरे म्हणेनात. मग तिने आकार फिरवून आडवा कापून दाखवला, आणि मिस्त्री खुर्चीवरून उठला. “हितं,” म्हणून त्याने पडद्यावर बोट ठेवले, “हितं भोक पडतंय.” तिने मुंबईच्या आय.आय.टी.त तयार झालेल्या ऑटोकास्ट नावाच्या प्रणालीत तोच आकार घालून पाहिला. या प्रणालीत बीड कोठे सर्वांत शेवटी गोठते ते रंगांनी दिसते. लाल रंग नेमका मिस्त्रीच्या बोटाखाली आला. तिने गोळा आतून पोकळ केला, कोपऱ्याचे वळण मोठे केले, गिऱ्हाइकाच्या आराखडाकाराला पत्र लिहून संमती घेतली. पुढच्या लॉटमध्ये त्या जागी पोकळी धरलेला एकही नग निघाला नाही. जाता जाता तिने विचारले, “मिस्त्रीकाका, हे तुम्हाला कसे कळले?” तो म्हणाला, “बाई, कळायला काय? तीस वर्षं फोडतोय की!”

सामुदायिक आराखडा म्हणतात तो हा. त्याला मोठ्या इमारती लागत नाहीत. लागतो तो सांगणाऱ्याचा हक्क आणि ऐकणाऱ्याची फुरसत. आणि या दोन्ही गोष्टी हल्लीच्या उत्पादकतेच्या हिशेबात बसत नाहीत, हीच अडचण आहे.

उत्पादकता हा शब्द आपल्याकडे रुळला तो १९५८ साली राष्ट्रीय उत्पादकता परिषद स्थापन झाली त्या सुमारास. फौंड्रीत तो मोजायला सोपा: पाळीत किती पेट्या, किती टन माल, किती नग बाद. आराखड्याचे काम कसे मोजणार? काही कारखान्यांत दिवसाला किती चित्रे सुटली ते मोजतात. असे मोजले म्हणजे माणूस चित्रे सोडतो. अर्धवट आराखडा पुढे ढकलून त्याचे तीनदा बदल करणारा गडी कागदोपत्री सर्वांत कष्टाळू ठरतो, आणि पहिल्याच खेपेला मिस्त्रीला विचारून एकच पक्के चित्र देणारा आळशी ठरतो. खरे म्हणजे आराखड्याची उत्पादकता आराखडा खात्यात मोजताच येत नाही. ती भंगाराच्या ढिगाऱ्यावर मोजावी लागते.

दुसरी समजूत अशी की काम अडले तर माणसे वाढवावीत. खेड्यात इर्जिक घालतात तेव्हा दहा नांगर एका रानात उतरतात आणि दिवसात काम उरकते, हे आपण पाहिलेले असते. पण इर्जिकीत प्रत्येक नांगराची तास निराळी असते आणि सगळे एकमेकांना दिसतात. आराखड्यात प्रत्येकाचे तास दुसऱ्याच्या तासातून जाते. संगणकाच्या प्रणाली लिहिण्याच्या कामाविषयी अमेरिकेतल्या फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ सालच्या पुस्तकात दाखविले की रखडलेल्या कामावर नवी माणसे घातली तर ते आणखी रखडते, कारण प्रत्येकाला प्रत्येकाशी बोलावे लागते. हिशेब शाळेतला आहे. पाच माणसांत बोलण्याच्या जोड्या दहा. दहा माणसांत पंचेचाळीस. पन्नास माणसांत बाराशे पंचवीस. संगणक निरोप पोहोचवतो, तो समजला की नाही हे पाहात नाही. म्हणून बोइंगने माणसे लहान तुकड्यांत वाटली, आणि बोलणे वाया जाणारा वेळ न मानता कामाचा भाग मानले.

येथे कोणी म्हणेल, कामगार संघटनांनी तर संगणकाला विरोध केला होता. केला होता, आणि तो निष्कारण नव्हता. साठाच्या दशकात आयुर्विमा महामंडळातला विरोध माणसांच्या पोटासाठी होता. पुढे १९८३ साली बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेने संगणकाविषयी करार केला आणि वाट निघाली. पण त्याही आधी, १९५७ सालच्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेत सरकार, मालक आणि कामगार या तिघांनी मिळून तत्त्व ठरविले होते: नव्या यंत्रांमुळे असलेल्या कामगाराला कामावरून काढू नये किंवा त्याची कमाई घटू नये, कामाचा बोजा दोन्ही बाजूंना मान्य तज्ज्ञांकडून ठरवावा, आणि होणारा फायदा समाज, मालक व कामगार यांत न्याय्य रीतीने वाटावा. १९६६ ते ६९ या काळात राष्ट्रीय श्रम आयोगाचे अध्यक्ष होते ते न्यायमूर्ती गजेंद्रगडकर, साताऱ्यात जन्मलेले. हा वारसा आपल्या मातीतला आहे. तो कपाटात का राहावा?

ट्रेसर गेले, त्यांचे कोणी नावही काढले नाही. आता पाळी डिझाईन खात्यातल्या तरुणांची आहे, आणि त्यांच्याविषयी दोन शब्द बोलल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. गळ्यात ओळखपत्र, हातात लॅपटॉप, हुद्दा ‘एक्झिक्युटिव्ह’. डेट्रॉइटला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. तेथला साहेब ताजातवाना होऊन बैठकीला बसतो तेव्हा इकडची मुलगी दिवसभर काम करून थकलेली असते, आणि बैठक संपायला रात्रीचे दहा वाजतात. याला ‘चोवीस तास चालणारे सहकार्य’ म्हणतात. मोल्डरला जादा तासांचा दुप्पट दर मिळावा म्हणून आमचे वडीलधारे भांडले. या मुलीच्या जादा तासांची नोंदसुद्धा होत नाही. औद्योगिक विवाद कायद्यातल्या कामगाराच्या व्याख्येत तांत्रिक काम करणारा १९५६ च्या दुरुस्तीने आला होता, हे या मुलांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. संघटना म्हणजे फाटक अडवणारे लोक, अशी त्यांची समजूत. आणि ही मुले म्हणजे मालकाची माणसे, अशी आमच्यातल्या पुष्कळांची. दोघेही एकाच भंगाराच्या ढिगाला कारणीभूत धरले जातात, पण एकत्र बसून त्याचा हिशेब मागत नाहीत. शिवाय त्यांच्यातले कित्येक दुसऱ्याच पुरवठादार कंपनीच्या पटावर असतात. आराखडा पुरा झाला की मनुष्य जातो आणि त्याला जे उमगले तेही त्याच्याबरोबर जाते. पुढच्या खेपेला तीच चूक नव्या माणसाने करायची.

मालकवर्गाची अडचणही मी जाणतो. कुपवाडचा किंवा साताऱ्याचा लहान कारखानदार स्वतः गिऱ्हाइकापुढे हात जोडून उभा असतो. त्याला आराखड्याचा पूर्ण घन आकार मिळतच नाही. गुपित फुटेल या भीतीने गिऱ्हाईक सपाट छाप तेवढा पाठवते. प्रणालीचा वार्षिक परवाना त्याच्या आवाक्याबाहेरचा. म्हणून आमच्यातल्या काहींनी अशी सूचना केली आहे की औद्योगिक वसाहतीतल्या कारखानदारांच्या संघाने आणि तंत्रमहाविद्यालयाने मिळून एक सामायिक पडदा ठेवावा. ज्या फौंड्रीला आपला नवा भाग ओतण्यापूर्वी तपासायचा असेल तिने मिस्त्री आणि मोल्डर यांना घेऊन तेथे यावे, महाविद्यालयातली मुले प्रणाली चालवतील. मुलांना खरे बीड पाहायला मिळेल, मिस्त्रींना लाल रंग. सूचना अजून कागदावर आहे.

आराखड्याच्या कोपऱ्यातल्या चौकटीत काढणारा, तपासणारा आणि मंजूर करणारा यांच्या सह्या असतात. तेथे चौथे घर असावे, नमुना करणाऱ्याच्या सहीचे, असा आग्रह आम्ही त्या कवचांच्या कारखान्यात धरला आणि तो मान्य झाला. मिस्त्रीची सही मराठीत असते. गिऱ्हाइकाच्या देशात ती कोणाला वाचता येत नसेल, पण ती नसली तर आराखडा पुढे सरकत नाही.

दुसरी गोष्ट मात्र अजून अडली आहे. त्या प्रसंगानंतर दर शनिवारी अर्धा तास मिस्त्री, दोन मोल्डर, मशीन शॉपचा सेटर आणि डिझाईनची मुलगी एकत्र बसतात, येणाऱ्या नव्या भागांचे आकार पाहतात. सहा महिन्यांत बाद मालाचे प्रमाण खाली आले, हे व्यवस्थापनालाही मान्य आहे. पण मोल्डरांची मजुरी पेटीवर आहे. ते त्या अर्ध्या तासात बसतात तितक्या पेट्या त्यांच्या कमी भरतात, आणि आठवड्याच्या हिशेबात तेवढे पैसे कापले जातात. पुस्तके वाचणाऱ्या आपल्यासारख्यांना ही बाब क्षुल्लक वाटेल. मोल्डरच्या घरी तो एका वेळच्या भाजीचा प्रश्न असतो. गेल्या दोन शनिवारी एक मोल्डर आला नाही. मला तो म्हणाला, “डोकं फुकट द्यायचं नि पेटीचे पैसेबी घालवायचे, असं किती दिवस?” आमची मागणी अशी की तो अर्धा तास आठवड्याच्या सरासरी पेट्यांच्या दराने धरावा आणि बाद माल कमी झाल्यामुळे जे वाचले त्यातला वाटा पाचही जणांना सारखा मिळावा. व्यवस्थापन अर्ध्या तासाच्या मूळ पगाराला तयार आहे. वाट्याचे नाव काढत नाही. बोलण्यांची पुढची बैठक येत्या मंगळवारी आहे.